उरलेल्या ब्रेडचं साधं पुडिंग (घरात आहे तेवढ्यातच)

चमचाभर

पाकिटात शेवटचे पाच-सहा स्लाइस उरतात, मग ताजं पाकीट येतं, जुनं मागे ढकललं जातं, आणि एक दिवस हिरवे ठिपके दिसले की सगळंच कचऱ्यात. त्या मधल्या दिवसांत करायच्या गोडाची ही पाकृ. आधीच सांगते, यात शाही वगैरे काही नाहीये. अट एकच, यासाठी दुकानात जायचं नाही. ब्रेड वाया जाऊ नये म्हणून क्रीम, काजू आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा विकत आणायचा, ही काटकसर मला आजवर कळलेली नाही.

साहित्य: सहा स्लाइस, अर्धा लिटर दूध, दोन अंडी, चार टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, भांड्याला लावायला थोडं लोणी किंवा तूप. वासासाठी जायफळ, वेलची, व्हॅनिला, लिंबाची किसलेली साल, जे डब्यात सापडेल ते एक. एकच हां, सगळं घातलं की कशाचाच वास येत नाही.

ब्रेड हातानेच तोडा, सुरीने चौकोन कापू नका, तुटलेल्या खडबडीत कडा दूध जास्त पितात आणि वर राहिलेली टोकं छान कुरकुरीत होतात. कडा काढू नका. ब्रेड अजून मऊ असेल तर तुकडे ताटात पसरून दोन-तीन तास उघडे ठेवा किंवा तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घ्या. दूध साखर विरघळेल एवढंच गरम करायचं, उकळायचं नाही. अंडी दुसऱ्या भांड्यात फेटायची, पण फेस येईपर्यंत नाही, फक्त पांढरा-पिवळा एक होईपर्यंत. मग त्यात ते कोमट दूध हळूहळू ओतत ढवळायचं, मीठ घालायचं आणि गाळून घ्यायचं. गाळायचा कंटाळा करू नका, अंड्याचे पांढरे धागे राहिले तर खाताना नेमके तेच दाताखाली येतात.

साधारण सव्वा लिटर मावेल अशा भांड्याला लोणी लावून तुकडे भरा, वरून दूध ओता, चमच्याने हलकं दाबा आणि अर्धा तास विसरून जा. हा अर्धा तास म्हणजेच खरी पाकृ आहे. नंतर मधला एक तुकडा काढून तोडून बघा, आत पांढरा कोरडा गाभा दिसला तर अजून थांबा, कारण जो कोरडा आत गेला तो कोरडाच बाहेर येतो.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर, भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून ४० मिनिटांच्या आसपास. नसेल तर कुकरमध्ये शिटी काढून, किंवा मोठ्या पातेल्यात खाली स्टँड ठेवून मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास वाफवा, भांड्यावर घट्ट झाकण हवं नाहीतर वाफेचं पाणी टपकून वरचा थर चिकट होतो. कडेला घट्ट आणि भांडं हलवलं की मध्यभाग थोडासा थरथरतोय, असं झालं की काढा, बाकीचं बाहेर त्याच्याच उष्णतेत शिजतं.

बेदाणे असतील तर ब्रेडखाली दडवा. वर राहिलेले बेदाणे ओव्हनमध्ये फुगतात, जळतात आणि कडू लागतात.

उगाच_एक

वाचनखूण साठवली. पण आमच्याकडे सहा स्लाइस एकत्र उरल्याचं कधी पाहिलं नाही, उरतात दोन, आणि त्यातला एक पाकिटाच्या टोकाचा जाड कडेवाला. दोघांपुरतं करायचं तर माप काय धरायचं?

चमचाभर

@उगाच_एक, ब्रेडच्या वजनाच्या तिप्पट दूध हे लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. एक स्लाइस २५ ते ३० ग्रॅमचा असतो म्हणजे एकाला ८० मिली दूध. दोन स्लाइसला १६० मिली, एक अंडं, साखर सव्वा टेबलस्पून. अंड्याचं प्रमाण थोडं जास्त होतं त्यामुळे जरा घट्ट होईल, चालतं. दोन वाट्यांत भरून वाफवा, वीसेक मिनिटांत होतं, पण पंधराव्या मिनिटाला एकदा झाकण उघडून बघाच. टोकाचा जाड स्लाइस तर सगळ्यात उत्तम, फक्त त्याला कडेच्या बाजूने दूध शिरत नाही म्हणून त्याचे बारीक तुकडे करा.

दुधावरची_साय

पाकृ छान आहे पण आम्ही अंडं खात नाही :( कस्टर्ड पावडर घालून कुणी केलंय का? की नुसतं दूध आटवून ओतू?

पातेलं_आणि_मी

करतो ना नेहमी. कस्टर्ड पावडर जन्मालाच यासाठी आली आहे. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती बनवली कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. मुळात ते कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास, बस. त्यामुळे कस्टर्ड पावडर संपली असेल तर कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर वेलची घाला, काहीही बिघडत नाही, फक्त पिवळं दिसणार नाही.

पण पद्धत पूर्ण वेगळी आहे, अंड्याच्या पाकृत नुसतं अंडं काढून पावडर टाकली तर जमत नाही. अंड्याला उकळी चालत नाही आणि कॉर्नफ्लोअरला उकळीशिवाय चालत नाही, ते बुडबुडे येईपर्यंत शिजलं नाही तर जिभेवर पिठूळ लागतं आणि घट्टही नीट होत नाही. तेव्हा कच्चं मिश्रण ब्रेडवर ओतून वाफवू नका. अर्ध्या लिटरमधलं शंभरेक मिली दूध बाजूला काढा. त्यातलं अर्धं कोमट करून ब्रेडवर शिंपडा. उरलेल्या गार दुधात दोन टेबलस्पून पावडर गुठळी न राहता कालवा, बाकीचं दूध साखर घालून उकळायला लागलं की हे त्यात ओता आणि सतत ढवळत दोन मिनिटं बुडबुडू द्या. गरम असतानाच ब्रेडवर ओता. आधी दूध शिंपडायचं कारण असं की शिजलेलं कस्टर्ड दाट असतं, कोरड्या ब्रेडमध्ये ते शिरत नाही, वरच बसून राहतं आणि मग खाताना खाली ब्रेड, वर कस्टर्ड अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात.

पुढे शिजवायची गरज नाही. गार होऊ द्या, मग फ्रिजमध्ये दोन तास. गरम असताना वड्या पडत नाहीत, चमच्याने खायचं असेल तर गरमच घ्या.

दुधावरची_साय

अर्रे वा, हे तर जास्त सोपं निघालं, गॅसही कमी. धन्यवाद!

तटस्थ_निरीक्षक

मला एक मूलभूत शंका आहे. एका स्लाइसवर बुरशीचा एक ठिपका असेल तर तेवढा भाग कापून बाकीचा ब्रेड वापरतात बरेच लोक, शिवाय हे शिजवायचंच आहे, तर काय हरकत?

मीठ_चवीपुरतं

@तटस्थ_निरीक्षक हरकत आहे, मोठी आहे. हिरवा-काळा ठिपका दिसतो तो बुरशीचा फक्त वरचा भाग, तिचे धागे त्याआधीच आत पसरलेले असतात, आणि ब्रेड इतका सच्छिद्र की ते कुठवर गेलेत हे डोळ्याला कळतच नाही. घट्ट चीजचा बुरशीवाला भाग चांगला इंचभर खोल कापून बाकीचं वापरता येतं, मऊ ब्रेडचं नाही. आणि शिजवल्याने बुरशी मेली तरी काही बुरशा जे विषारी पदार्थ सोडतात ते आपल्या शिजवण्याने जात नाहीत. त्या स्लाइसला चिकटून असलेलेही फेका. पाकिटात नाक घालून हुंगू तर अजिबात नका, ते कण सरळ श्वासात जातात.

एक दुसरी खराबी आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. दमट, गरम हवेत कधीकधी ब्रेडला बुरशी दिसत नाही पण अतिपिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, आतला भाग ओलसर पिवळट होतो आणि स्लाइस तोडला की मधे बारीक तार सुटते. ते जिवाणूंचं काम असतं, त्यांचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही टिकतात आणि नंतर वाढतात. घरी केलेल्या ब्रेडमध्ये हे जास्त दिसतं कारण त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. तार दिसली की तोही फेका. कडक झालेला ब्रेड आणि खराब झालेला ब्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या धाग्यात आपण कडक झालेल्याबद्दलच बोलतोय.

उगाच_एक

बाप रे. तार हा प्रकार पहिल्यांदा ऐकला. म्हणजे ब्रेड सरळ फ्रिजमध्येच ठेवलेला बरा ना?

पातेलं_आणि_मी

फ्रिजमध्ये बुरशी उशिरा लागते पण ब्रेड लवकर शिळा होतो.

रात्रपाळी

हे काही पटलं नाही बुवा, थंडीत वस्तू टिकते हे शाळेपासून शिकतोय. फ्रिजमधला ब्रेड कडक होतो कारण तो वाळतो, पिशवी नीट बांधली की झालं.

पातेलं_आणि_मी

@रात्रपाळी, पिशवी बांधून बघा, तरी कडक होतो, कारण शिळं होणं म्हणजे वाळणं नव्हे. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, त्याची रचना सैल होते, म्हणून ताजा ब्रेड मऊ. ब्रेड गार झाला की तेच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून ओळीत बसायला लागतात आणि ब्रेड कडक, चुरचुरीत होतो, त्यासाठी पाणी बाहेर जावंच लागतं असं नाही. आणि हे सगळ्यात जोरात होतं ते गोठणबिंदूच्या थोडंसं वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं फ्रिजच्या. फ्रीजरमध्ये उणे १८ला ते जवळपास थांबतं. म्हणून एकतर बाहेर ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर सरळ फ्रीजर, मधला फ्रिज ब्रेडसाठी वाईटच.

याचा पुरावा घरीच मिळतो. शिळा स्लाइस गरम केला की परत मऊ होतो, कारण साधारण ६० अंशांच्या वर ती पकड पुन्हा सुटते. नुसता वाळला असता तर गरम करून आणखी वाळला असता. थोड्या वेळाने गार झाला की परत कडक, तेव्हा गरम असतानाच खावा लागतो.

रात्रपाळी

ओके, गरम केल्यावर मऊ होण्याचा मुद्दा मान्य. पण मग पुडिंगसाठी शिळा हवा की वाळलेला? कारण तुम्ही म्हणताय दोन्ही वेगळं.

चमचाभर

दोन्ही असेल तर सोन्याहून पिवळं. शिळ्याचा फायदा म्हणजे दुधात पडून त्याचा लगदा होत नाही, तुकडा तुकडा राहतो. वाळलेल्याचा फायदा म्हणजे आत जागा रिकामी झालेली असते, तेवढं दूध जास्त मावतं. बंद पाकिटातला चार दिवसांचा ब्रेड शिळा असतो पण ओलसर असतो, म्हणून मी वर तुकडे उघडे ठेवायला सांगितलं. अगदी ताज्या ब्रेडचं करायची वेळ आली तर तव्यावर कोरडा करणं टाळू नका, नाहीतर खाली पेस्ट तयार होते.

साखर_कमी

माझा प्रश्न जरा वेगळा. माझं पुडिंग दिसायला छान होतं पण कापलं की खाली पाणी सुटतं आणि आत बारीक भोकं दिसतात, चवीला थोडं अंड्याच्या भुर्जीसारखं. दूध जास्त होतंय का?

मीठ_चवीपुरतं

दूध नाही, आच जास्त. भोकं आणि पाणी ही दोन्ही अंडं जास्त शिजल्याची खूण. नुसतं अंडं साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान घट्ट होतं, दूध-साखर मिसळली की ते तापमान वर सरकून ८०च्या आसपास जातं, आणि त्यानंतर फार थोडी जागा असते, ८५च्या पुढे अंड्याची जाळी आवळते आणि धरलेलं दूध पिळून बाहेर टाकते. तेच ते खालचं पाणी. म्हणून तर ओव्हनमध्ये पाण्याचा ट्रे, पाणी १००च्या वर जात नाही त्यामुळे कडा आणि तळ सांभाळला जातो. वाफवताना खालचं पाणी खळखळून उकळत असेल तर गॅस कमी करा, हलके बुडबुडे पुरेत, आणि बाहेरच्या पातेल्याचं झाकण किंचित तिरकं ठेवा, आतल्या भांड्याचं घट्टच. गार झालं की आणखी घट्ट होतं हे धरून पाच मिनिटं आधीच काढायचं धाडस करा.

साखर_कमी

समजलं, मी कुकरला मोठ्या आचेवरच ठेवते. आणि साखरेऐवजी गूळ घातला तर?

मीठ_चवीपुरतं

गूळ चालेल पण गरम दुधात टाकू नका, दूध फाटण्याची शक्यता असते, काही गूळ फाडतात, काही नाही, आधी कळत नाही. गूळ वेगळा दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून गार करा आणि तळाला पातळ थर द्या, त्यावर ब्रेड, त्यावर बिनसाखरेचं दूध-अंडं. शिजल्यावर उलटं केलं की वर गुळाचा रस उतरतो. दिसायलाही बरं.

कढईवाली

एवढं सगळं वाचलं, पण मंडळी, सहा स्लाइस वाचवायला ४० मिनिटं ओव्हन? वर पुन्हा तो आधी तापवायचा वेळ. काटकसर कुठे आहे यात? ओव्हनमध्ये दुसरं काही भाजायचं असेल तेव्हा शेजारी सरकवा, त्याच्यासाठी वेगळा लावू नका.

मी तव्यावर करते. चार स्लाइसला एक अंडं, १०० मिली दूध, एक चमचा साखर, मीठ. पसरट ताटात ओतून स्लाइस प्रत्येक बाजूने मिनिटभर, कडक असतील तर दोन-तीन मिनिटं, मधे बोट दाबून बघा, दबलं पाहिजे. तवा मध्यम-मंद, अर्धा चमचा तूप. मोठ्या आचेवर साखर आधी काळी पडते आणि आत कच्चं राहतं. शेवटी काढायच्या आधी वर चिमूटभर साखर भुरभुरवून ती बाजू अर्धा मिनिट तव्याला लावा, पातळ काचेसारखा कुरकुरीत थर येतो. सगळं मिळून दहा मिनिटं. आणि हे काही आजचं नाही, रोमन लोकांच्या पाककृतींमध्येही कडा काढलेला पांढरा ब्रेड तोडून दुधात भिजवून तेलात तळायचा आणि वर मध ओतायचा असं आहेच.

तटस्थ_निरीक्षक

+१ कढईवाली. अवांतर: काटकसरीवरून आठवलं, ब्रिटनमध्ये अख्ख्या दुसऱ्या महायुद्धात ब्रेडवर रेशन नव्हतं, ते आलं युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ला, आणि जुलै १९४८ पर्यंत होतं. म्हणजे युद्ध जिंकून झाल्यावर लोक ब्रेड मोजून खात होते. अवांतराबद्दल क्षमस्व.

चमचाभर

अवांतर आवडलं. कढईवालीताईंचा ओव्हनचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मीसुद्धा वाफवतेच, ओव्हन लिहिला कारण नंतर तेच विचारतात. फक्त तव्यावरचं लगेच खावं लागतं आणि कुणीतरी एकजण तव्यापाशी उभा राहतो, पुडिंग सकाळी करून संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र खाता येतं. ज्याची जशी सोय.

कढईवाली

उभी कोण राहते तेही लिहा :)

उगाच_एक

आणि पाकिटाच्या तळाला जो चुरा उरतो त्याचं काय? तोही टाकवत नाही आता हे वाचून.

कढईवाली

चुरा तर माझा सगळ्यात आवडता. कोरड्या कढईत मंद आचेवर ढवळत बसा, वास यायला लागला आणि सोनेरी झाला की वाटीभर चुऱ्याला दोन चमचे साखर आणि चमचाभर तूप, साखर जेमतेम चिकटेपर्यंत हलवा आणि ताबडतोब ताटात पसरा. कढईत ठेवून गेलात तर तिथेच जळतो, कढई गरम असते. गार झाला की कुरकुरीत. डाग पडलेली सफरचंदं किंवा काळी पडलेली केळी थोड्या पाण्यात शिजवून वाटीत एक थर फळ, एक थर चुरा. मात्र थर आयत्या वेळी लावा, आधी लावून ठेवले की चुरा मऊ पडतो. नुसता चुरा कोरड्या बरणीत आठवडाभर राहतो.

दुधावरची_साय

ब्राउन ब्रेड, मल्टिग्रेन चालतो का? आणि बर्गरचे बन?

चमचाभर

सगळं चालतं, लसणाचा आणि मसाल्याचा ब्रेड सोडून. ब्राउनला दूध दोन-तीन चमचे जास्त लागतं आणि भिजायला जास्त वेळ, कोंडा पाणी हळू पितो. बन आधीच गोडसर असतात, साखर एक चमचा कमी करा. वेगवेगळे उरलेले एकत्र करणार असाल तर जाड आणि कडक तुकडे तळाला, मऊ वर, कारण तळाला दूध जास्त वेळ साचून राहतं.

रात्रपाळी

उरलेलं किती दिवस टिकतं? मी रात्री दोनला घरी येऊन खाणार.

मीठ_चवीपुरतं

झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, झाकून, आणि तीन दिवसांत संपवा. दूध-अंड्याचा पदार्थ आहे, बाहेर रात्रभर ठेवू नका, उन्हाळ्यात तर दोन तासही जास्त. गरम करायचं तर पाच मिनिटं वाफ, मायक्रोवेव्ह असेल तर कमी पॉवरवर, फुल पॉवरला कडा रबर होतात. कस्टर्ड पावडरवालं फ्रीजरमध्ये टाकू नका, सुटलं की पाणी-पाणी होतं.

उगाच_एक

शेवटचा प्रश्न. दोन-दोन स्लाइस उरले की फ्रीजरमध्ये जमवत गेलो आणि सहा झाल्यावर केलं तर? गोठलेले तसेच दुधात टाकायचे का?

पातेलं_आणि_मी

जमवा की, दोन-तीन महिने चवीत फारसा फरक पडत नाही. पिशवीतली हवा दाबून काढा आणि गोठवायच्या आधीच तुकडे करून टाका, नंतर एकमेकांना चिकटलेले स्लाइस सुटत नाहीत. पण तसेच दुधात नको, वर बर्फाचा पातळ थर असतो, त्याचं पाणी दुधात उतरतं आणि दूध एकदम गार झाल्याने भिजायला तासभर घेतं. ताटात पसरून वीस मिनिटं ठेवा किंवा सरळ गोठलेलेच तव्यावर कोरडे करा. बुरशीचा ठिपका असलेला त्या पिशवीत चुकून गेला नाही ना एवढं बघा, फ्रीजर बुरशी थांबवतो, मारत नाही.